घरत मॅडमचा न थांबणारा चेंडू

अकरावी सायन्सचा नवा वर्ग सुरू झाला की घरत मॅडम पहिला तास एकाच पद्धतीने घेत. पोरांना संगणक खोलीबाहेर चपला काढायला लावायच्या, आत दाटीवाटीने बसवायच्या आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर एक चित्र लावायच्या. उभी कापलेली कढई दिसेल तशी एक वाकडी वाट आणि तिच्या डाव्या काठावर एक लाल चेंडू. "हा चेंडू मी सोडतेय. तो थांबेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही," एवढे बोलून त्या खुर्चीवर बसत.

चेंडू खाली यायचा, पलीकडे चढायचा, पुन्हा खाली, पुन्हा अलीकडे. पोरे बघत राहायची. कोणी जांभई द्यायचे, कोणी टेबलाखाली पाय खाजवायचे. चेंडू काही थांबायचा नाही. तास संपल्याची घंटा झाली की मॅडम उठायच्या. "थांबणार नव्हताच. मी घर्षण शून्य केलंय. अख्खा तास गेला, एकालाही विचारावंसं वाटलं नाय की हा थांबत का नाय. मेंढरं बरी. ती निदान ओरडतात." आणि पोरे पहिल्याच दिवशी मान खाली घालून चपला शोधायला लागत.

मी हे दारातून बघायचे. पेणच्या त्या कॉलेजात मी झाडलोट करायचे, पाणी भरायचे, घंटा द्यायचे. सगळे मला मावशी म्हणत. संगणक खोलीत धूळ चालत नाही म्हणून तिथे माझी फेरी जास्त, आणि तिथे एसी असल्यामुळे मी लवकर हलतही नसे. माझी शाळा चौथीपर्यंत. इथे लिहिते आहे ते ऐकलेले आणि पाहिलेले आहे. त्यातल्या फिजिक्समध्ये चूक निघाली तर ती माझी. मॅडम फिजिक्समध्ये चुकत नसत.

उंच, काळ्या, रुंद खांद्यांची बाई. केस इतके ताणून बांधायच्या की भुवयाही वर ओढल्यासारख्या दिसत. खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या, खारेपाटातल्या, एका गावची पोरगी, बाप मिठागरात राबलेला. लग्न केले नव्हते. पेणमध्ये एका खोलीत एकट्या राहायच्या आणि रोज स्वतःचा डबा आणायच्या. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. स्टाफरूममध्ये डबा उघडला की दोन-चार नाके वाकडी व्हायची. एकदा एका नव्या सरांनी उठून खिडकी उघडली. मॅडम घास चावता चावता म्हणाल्या, "सर, ती खिडकी लावा. सुकटीचा वास बाहेर गेला तर मांजरी आत येतील. मग तुम्हाला बसायला जागा नाय." त्या सरांनी पुढे वर्षभर वर्गातच डबा खाल्ला.

मॅडमची एक खूण मी लवकर ओळखली होती. शिकवताना त्या पुस्तकातले मराठी बोलायच्या, मध्ये इंग्रजी. पण कोणाला तरी टोचायचे असले की त्या एकदम आमच्या बोलीत यायच्या. 'नाही'चा 'नाय' झाला की समजायचे, आता कोणाच्या तरी वर्मी बसणार. इतर मास्तर रागावले की इंग्रजीत जातात. ते पोरांना लागत नाही, कारण निम्मे कळत नाही. मॅडम आईच्या भाषेत मारायच्या.

एका वर्षी एक मुलगा वडील वारले म्हणून बरेच दिवस आला नव्हता. आला तो डोके भादरलेले घेऊन, टोपी घालून. मॅडमनी त्याला टोपी काढायला लावली. म्हणाल्या, "डोक्यावरचं ओझं गेलं. आता तरी आत काय शिरतं का बघू." वर्गात कोणी हसले नाही. तास झाल्यावर मी म्हटले, "मॅडम, त्या पोराचा बाप मेलाय."

"मला माहीत हाय मावशी."

"मग?"

"मला माहीत हाय. परीक्षेला माहीत नाय."

हे असे. तुम्ही म्हणाल, आतून मायाळू असतील. मीही एक-दोन वर्षे तसे समजून वाट पाहिली. वरून काटे आणि आत गोड गरे, असे काही तिथे नव्हते. त्यांची स्वतःची आई गेली तेव्हा दहन करून दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कॉलेजात हजर. मी विचारले, घरी थांबला का नाही. तर म्हणाल्या, "घरी बसून काय करू? रडणाऱ्या बायकांना चहा देऊ? तेवढ्यात दोन तास होतात." म्हणजे दुसऱ्याला एक माप आणि स्वतःला एक, असे नव्हते. एवढे मी त्यांच्या बाजूने लिहीन. पण स्वतःला चटका दिला म्हणून दुसऱ्याला चटका द्यायचा हक्क मिळत नाही, हेही लिहीन.

त्यांचे एक ठरलेले वाक्य होते. "कौतुक म्हणजे घर्षण. उगाच गती खातं." कोणी गणित बरोबर सोडवले तर त्या फक्त "पुढचं" म्हणायच्या. चुकले तर मात्र वेळ काढून बोलायच्या. पडद्यावर चित्र लावायच्या, डावीकडे खड्डा, मध्ये डोंगर, पलीकडे दुसरा खड्डा. मग एक आडवी रेघ ओढायच्या. ती रेघ म्हणजे चेंडूजवळची एकूण ऊर्जा. डोंगर रेघेच्या वर असला तर चेंडू कितीही धावला तरी पलीकडे जाणार नाही. "हा डोंगर म्हणजे बारावी. आणि ही रेघ तुझी," असे म्हणून त्या ज्याला उभे केले असेल त्याची रेघ ठरवायच्या. कोणाची डोंगराच्या कमरेला, कोणाची गुडघ्याला. "चेंडू जिथनं सोडला, त्याच्यावर जात नाय. हे मी नाय म्हणत, रेघ म्हणते." आपली रेघ गुडघ्याला पाहून गेलेली पोरे मी नंतर रिक्षा चालवताना पाहिली आहेत. ती मॅडममुळे तिथे गेली की मॅडमना आधीच दिसले होते, ते मला सांगता येणार नाही.

या वर्गात माझी नात मानसी आली.

मानसी माझ्या मुलाची, दिनेशची, थोरली. आमचे मूळ गावही खारेपाटातले. उधाणाच्या भरतीला गावाचा बांध फुटला, शेतात खारे पाणी शिरले आणि भाताची जमीन कायमची गेली. मग आम्ही पेणमध्ये रामवाडीला येऊन राहिलो. दिनेश रोह्याच्या एका कंपनीत कंत्राटी कामाला लागला. मानसी तेव्हा लहान होती, पण तो फुटलेला बांध तिने पाहिलेला. दहावीला तिला चांगले मार्क पडले आणि तिने हट्टाने सायन्स घेतले. दिनेशने एका अटीवर होकार दिला. म्हणाला, "एक सहामाही बघतो. तुझ्या मॅडम म्हणाल्या हिचं होईल, तर पुढं शिकवीन. नाय म्हणाल्या तर कंपनीत पॅकिंगला पोरी घेतायत, तिकडं नाव देतो." पोरीचे सगळे मॅडमच्या एका शब्दावर आले होते. तिला ते ठाऊक होते, मला होते आणि मी मॅडमच्याही कानावर घातले होते.

पहिल्या तासाला चेंडू सुरू झाला. मी दारात उभी होते. थोड्या वेळाने मानसी उठली. "मॅडम, हे खोटं हाय. असं कुठं नसतं. थांबायला पायजे."

सगळा वर्ग तिच्याकडे वळला. मॅडम पण पहिल्यांदाच खुर्चीतून पुढे झाल्या. "का थांबायला पाहिजे?"

"घासतं ना खाली. घासलं की दमतं."

"बरोबर," मॅडम म्हणाल्या. "इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. आता बाहेर जा."

"का मॅडम?"

"तोंड उघडू नका म्हटलं होतं. तू उघडलंस. नियम म्हणजे नियम. तुझ्यासाठी वेगळा करू काय गो?"

मानसी बाहेर आली ती रडत नव्हती, हसत होती. "आजी, बरोबर म्हणाल्या. तू ऐकलंस ना, बरोबर म्हणाल्या." मी म्हटले, "आणि बाहेर काढलं ते?" तिला त्याचे काही नव्हते. त्या एका शब्दावर ती दिवाळीपर्यंत जगली. घरी संगणक नाही, म्हणून मी खोली झाडायला जायचे तेव्हा माझ्याबरोबर यायची आणि केर काढून होईपर्यंत चेंडूचा तो खेळ खेळायची. खड्डे वाढवायची, डोंगर उतरवायची, पडद्यावरची घर्षण कमीजास्त करायची खुंटी मागेपुढे सरकवायची. मला सांगायची, "आजी, हे बघ, खुंटी पार मागे नेली की कायम चालू." मी म्हणायचे, "माझ्या गुडघ्याला लाव ती खुंटी."

सहामाहीच्या आधी एक चाचणी झाली. प्रश्न त्याच चित्रावर. डावीकडे खड्डा, मध्ये डोंगर, उजवीकडे खड्डा, आणि आडवी रेघ डोंगराच्या माथ्याखालून गेलेली. चेंडू कुठे कुठे असू शकतो तेवढा भाग रंगवा, असे विचारले होते. दोन्ही खड्डे रंगवायचे होते, कारण रेघेखाली जागा दोन्हीकडे होती. मानसीने फक्त डावा रंगवला. उजवीकडची रेघ तर खोडूनच टाकली. आणि खाली मराठीत लिहिले, "ही रेघ म्हणजे भरतीचे पाणी. डोंगर म्हणजे बांध. बांध शाबूत आहे तोवर आत पाणी येत नाही, म्हणून आतले शेत कोरडे."

मॅडमनी तो पेपर वर्गात मोठ्याने वाचला. मी तेव्हा संगणक खोलीतले पाण्याचे पिंप भरत होते. "ऐका," त्या म्हणाल्या, "फिजिक्सच्या पेपरात शेत आलंय. उद्या म्हैस येईल." पोरे हसली. त्यात निम्मी पोरे खारेपाटातली. त्यांचेही बांध फुटलेले, त्यांचीही शेते खारी झालेली, आणि तीच जास्त हसली. मला त्याचे आश्चर्य वाटले नाही. मार दुसऱ्याला पडतो आहे म्हटल्यावर आपली पाठ हलकी वाटते.

मानसी उभी होती. "पण मॅडम, पाणी बांधावरनं जात नाय."

"नाय जात. पण चेंडू आधीच आत असला तर?"

"आधीच आत कसा असेल?"

"कोणी ठेवला असेल. तुला कोणी विचारलंय का कोणी ठेवला? रेघ दोन्हीकडं हाय. तू अर्धी पुसलीस. तुझ्या डोळ्यांसमोर चित्र नाय, तुझं गाव हाय. शून्य."

"अर्धं तर बरोबर हाय मॅडम."

"अर्धं बरोबर म्हणजे पुरी चूक. बस."

घरी आल्यावर मानसी जेवली नाही. मी तिला समजवायला गेले नाही. समजवायला मला तरी काय कळले होते? पण सहामाही संपत आली होती आणि दिनेश मॅडमना भेटायला येणार होता. म्हणून मी आदल्या दिवशी मॅडमकडे गेले. त्या तपासायचे पेपर लावत होत्या.

मी म्हटले, "मॅडम, उद्या माझा मुलगा येईल. एक शब्द टाका."

"खोटं बोलू मावशी?"

"खोटं नको. एक वर्ष थांबा म्हणा. एवढंच."

"त्यानं काय होईल?"

"पोरगी एक वर्ष शिकेल."

"आणि मग?"

"मगचं मग."

मॅडमनी पेपरावरून मान वर केली नाही. "मावशी, तुम्ही जमीन पुसता ना? अर्धी ओली ठेवून जाता का? माणूस घसरतो." मी तशीच मागे फिरले. यांच्यापुढे हात जोडायचा विचार मनात आला होता. बरे झाले जोडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संगणक खोलीत पालकसभा. दिनेश रात्रपाळी करून थेट आला होता, डोळे लाल. मानसी त्याच्या शेजारी उभी, मी दाराशी. दिनेश म्हणाला, "मॅडम, मला यातलं काय कळत नाय. हिचं होईल का, खरं सांगा. होणार असेल तर शिकवतो. नसेल तर उगाच कशाला."

मॅडमनी पडदा लावला. लाल चेंडू उचलून चढावर खूप उंच ठेवला. "हा तुमच्या पोरीचा चेंडू. बघा, उंच ठेवलाय. डोकं हाय तिला." मानसीने मान वर केली. मी तिचा चेहरा पाहिला. मला वाटले, सुटलो.

मग मॅडमनी घर्षणाची खुंटी पुढे सरकवली. "आता हे बघा. घरात इंग्रजीचा शब्द नाय. क्लास नाय. अभ्यासाला वेगळी जागा नाय. संध्याकाळचा टीव्ही, धाकटी भावंडं, पाहुणेरावळे. हे सगळं घासतं." त्यांनी चेंडू सोडला. तो जोरात खाली आला, पलीकडे अर्ध्यावर चढला, परतला, आणखी कमी चढला आणि दोन-चार हेलकावे खाऊन खड्ड्याच्या तळाशी बसला. डोंगर पलीकडे तसाच उभा. "थांबला," मॅडम म्हणाल्या.

मी दारातून म्हटले, "आणि मागनं कोणी ढकललं तर?"

"ढकललं तर जाईल. नक्की जाईल. कोण ढकलणार मावशी?" त्या दिनेशकडे वळल्या. "तुम्ही ढकलणार का दिनेशभाऊ?"

दिनेश आपल्या अनवाणी पायांकडे बघत म्हणाला, "मी कंपनीत असतो मॅडम. कधी ही शिफ्ट, कधी ती."

"मग काढायची तर आत्ताच काढा. बारावीत काढली तर ना इकडची ना तिकडची."

"मॅडम, मी करते ना अभ्यास," मानसी म्हणाली.

"तुला विचारलं का?"

मॅडम जे बोलल्या त्यातले एक अक्षर खोटे नव्हते. घर आमचेच होते, मला माहीत आहे तिथे काय घासते ते. पण 'एक वर्ष थांबा' म्हटले असते तर तेही खोटे ठरले नसते. घरी मी दिनेशशी भांडले. तो म्हणाला, "आये, शिकलेली बाई सांगते, डोकं हाय तरी होणार नाय. तुला जास्त कळतं का?" मिळवता तो होता. दिवाळीची सुट्टी संपली तेव्हा मानसी कॉलेजात गेली नाही, कंपनीच्या बसने बापाबरोबर रोह्याला गेली. वय भरत नव्हते, ते ठेकेदाराने कागदावर भरवून घेतले. पॅकिंगला. उभे राहून खोकी चिकटवायची. पहिला महिनाभर तिची बोटे गोंदाने सोललेली होती. दाखवायची नाही, पण भाकरीचा तुकडा मोडताना दिसायचे.

पुढच्या वर्षी नवा अकरावीचा वर्ग आला. पहिल्या तासाला पुन्हा तोच चेंडू, तीच मेंढरे. काही दिवसांनी मी फडके घेऊन संगणक खोलीत गेले तर पडद्यावर दोन खड्डे आणि मधला डोंगर होता. मॅडम शिकवत होत्या.

"समजा, ही खाडी. हा बांध. ही रेघ म्हणजे भरतीचं पाणी. जिथे पाणी जमिनीच्या वर आहे तिथे चेंडू फिरू शकतो. बांध पाण्याच्या वर आहे, तिथे फिरू शकत नाही. आता बांधाच्या आत बघा. तिथेही रेघेखाली जागा आहे. कोणी आधीच आत पाणी साठवलं असेल तर ते आत राहील. खाडीतलं मात्र बांध ओलांडून आत येणार नाही."

पोरांच्या माना हलत होत्या. एवढ्या वर्षांत या चित्रावर हलणाऱ्या माना मी पाहिल्या नव्हत्या. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे मॅडम, बांध फुटून खांड पडली तरच येईल."

"शाब्बास," मॅडम म्हणाल्या.

हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता. फडके हातात धरून मी तशीच उभी राहिले. पोरे गेल्यावर मी म्हटले, "मॅडम, ही पाण्याची रेघ आमच्या मानसीची."

"व्हय." त्या संगणक बंद करत होत्या. "इतकी वर्षं घसा फोडला, कोणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. आता पहिल्या फटक्यात शिरतं. चांगली हाय."

"मग तिला शून्य का?"

"तिनं अर्धी सांगितली होती. अर्धी मी पुरी केली."

"ती पुरी करायला तिला ठेवायची होती ना."

मॅडम खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "मावशी, मला शाळेपासून सगळे म्हणायचे, मिठागरातली असून किती हुशार. मिठागरातली असून. मला ते गोड लागायचं. मुंबईला शिकायला गेले तेव्हा कळलं, मिठागर काढून घेतलं तर माझी हुशारी बेताचीच हाय. मोठं संशोधन करायचं होतं, पेणमध्ये पोरं शिकवते. कोणी लहानपणीच तोंडावर मारलं असतं तर मी तयार झाले असते. म्हणून मी मारते."

मला हे कारण पटले नाही. यांचे गोडाने बिघडले म्हणून हिला कडू दिले, असला औषधोपचार मी ऐकला नाही. आणि मारायला माझी नात मिळाली, शाब्बास मात्र दुसऱ्याला. मी तसे बोलूनही दाखवले. "त्या पोराला का नाय मारलंत?"

मॅडमनी टेबलावरची किल्ली उचलली. मग म्हणाल्या, "खोली पुसा मावशी, मला कुलूप लावायचंय."

त्याच वर्षाअखेर संस्थेने त्यांची बदली रोह्याच्या कॉलेजला केली. निरोपसमारंभाला त्या भाषण न करता बसून राहिल्या आणि नारळ तिथेच टेबलावर विसरल्या. मला वाटले, संपले. पण एका रविवारी दुपारी त्या रामवाडीला आमच्या घरी आल्या. हात हलवतच आल्या. का आल्या ते त्यांनी सांगितले नाही. दिनेश घरी नव्हता. मानसी दुसऱ्या शिफ्टची तयारी करत होती. मी मॅडमना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवले आणि चहा ठेवला.

मानसी समोर येऊन उभी राहिली, वेणी घालत. मग तिनेच विचारले, "मॅडम, रोह्याच्या कॉलेजात घेतील का मला? कंपनी तिकडंच हाय. दुसरी शिफ्ट असली की सकाळ मोकळी असते."

मी स्टोव्हपाशी थांबले. एवढे दिवस पोरीने मनात धरून ठेवले होते ते मला माहीत नव्हते.

"आणि पहिली शिफ्ट असली की?" मॅडम म्हणाल्या.

"मग नाय जमणार. घरी करीन."

"सायन्सला रोज यायला लागतं. प्रॅक्टिकल असतात. बाहेरून बसायचं तर आर्टला बस."

"आर्ट नको."

"मग कंपनी हाय."

मानसीने वेणीला रबर लावले. तिचा आवाज चढला नाही. "आजी म्हणाली, तुम्ही माझी पाण्याची रेघ शिकवता."

"शिकवते. तिकडं पण शिकवीन."

"कोणाची हाय ते सांगता का पोरांना?"

"नाय."

"का?"

मॅडमनी चहाचा कप हातात घेतला, तोंडाला लावला नाही. "नाव सांगितलं तर विचारतील, ती आता कुठं असते."

मानसी आत गेली. तिने टोपी आणि ओळखपत्र पिशवीत टाकले, पाण्याची बाटली भरली. मॅडम चहा पिऊन उठल्या, दारात चपला घालू लागल्या. मला हळू आवाजात म्हणाल्या, "पोरगी रडली नाय मावशी. बरं हाय."

मी म्हटले, "रडायला रजा लागते मॅडम. तिला शिफ्ट हाय."

तेवढ्यात हायवेवर कंपनीच्या बसचा हॉर्न झाला. मानसी पिशवी घेऊन धावत बाहेर निघाली, आणि दारातून तिला वाट द्यायला मॅडमना भिंतीला टेकून उभे राहावे लागले.